आमच्याकडे निरंक

आमच्या साहेबांना भोपाळनं काहीही विचारलं तरी उत्तर एकच जायचं. निरंक.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा शब्द फोडून सांगायला हवा. आमच्याकडे मध्य प्रदेशात वरून रोज तक्ते येतात. तुमच्या ब्लॉकमध्ये छप्पर गळणाऱ्या शाळा किती? हातपंप बंद पडलेल्या किती? एकाच शिक्षकावर चालणाऱ्या किती? जिथं सांगण्यासारखं काही नसेल त्या रकान्यात आकडा न लिहिता ‘निरंक’ लिहायचं. म्हणजे आमच्याकडे असलं काही नाही, तुम्ही पुढचं दार ठोठावा. बाकीच्या ब्लॉकांचे शिक्षण अधिकारी एकदोन रकान्यांत निरंक लिहायचे, उरलेल्यांत आकडे भरायचे आणि भोपाळच्या शिव्या खायचे. आमचे साहेब सगळ्या रकान्यांत निरंक लिहायचे आणि दर वर्षी जिल्ह्यात पहिले यायचे.

ते तक्ते टाइप करणारी मी. तेव्हा हसायचं असेल तर आधी मला हसा, मग त्यांना.

मी देवासची. वडील शिक्षण खात्यात बाबू होते, नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं. शाळा-कॉलेज सगळं हिंदीतून झालेलं, त्यामुळे माझं मराठी बोलायला खणखणीत आणि वाचायला अडखळत. कचेरी तहसीलीच्या गावी. कुठल्या ते सांगत नाही. सोनकच्छ नव्हे, सतवास नव्हे, तुम्ही बसा अंदाज बांधत. मला अजून तिथं नोकरी करायची आहे. रोज देवासहून बसनं अप-डाऊन, आणि बसमध्ये अर्धे प्रवासी मास्तर. कुठल्या शाळेत खरोखर काय चाललंय हे मला कचेरीत पोचायच्या आधीच कळलेलं असायचं. कचेरीत पोचल्यावर ते विसरायचं, एवढंच माझं काम.

साहेब धारचे. पहिल्या दिवशी मी समोर जाऊन उभी राहिले तर फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "देवासच्या ना? मोठी पाती की धाकटी?"

देवासला एके काळी दोन राजे होते आणि गाव दोघांत वाटलेलं होतं, हे आमच्या गावात आता म्हाताऱ्यांनासुद्धा आठवून सांगावं लागतं. मी म्हटलं, "धाकटी."

"हं. असो," ते म्हणाले. माझी काही चूक त्यांनी मोठ्या मनानं माफ केली असावी. "आम्ही धारचे. आमचे पणजोबा दरबारात होते."

पणजोबा दरबारात नेमकं काय करायचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. कधी ते फडणिशीत असायचे, कधी हत्तीखान्यात. आमचा शिपाई बद्रीलाल एकदा चहाचे कप उचलता उचलता मला म्हणाला, "दीदी, राजाजी पूछते होंगे, कितने हाथी भूखे हैं? इनके परदादा बोलते होंगे, निरंक." मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले.

पण त्या पणजोबांमुळे कचेरीत जुनी भाषा आली. मला ते चिटणीसबाई म्हणायचे. माझं आडनाव चिटणीस नाही. कागद सांभाळणारी ती चिटणीस, बस. बद्रीलालला ‘हुजऱ्या’ म्हणायचे, त्याला ती पदोन्नती वाटायची. स्वतःविषयी ‘आम्ही’. "आम्हांस आज पोहे चालणार नाहीत," म्हणायचे आणि दहा मिनिटांत दोन बशा संपवायचे, वर सेव मागून. खुर्चीवर घरून आणलेली मोर काढलेली उशी लागायची. ती रोज सकाळी पिशवीतून यायची आणि संध्याकाळी पिशवीतून परत जायची, कारण सरकारी खुर्चीचा भरवसा नाही, कोण केव्हा बसेल.

आणि दाराशी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. शाळेतल्या घंटेसारखा. साडेदहाला साहेब स्वतः तो बडवायचे. हा माणूस मुळात मास्तर होता ना, धारच्या शाळेत गणिताचा. घंटा झाली की कचेरी भरली असं ते धरायचे. खोलीत त्या वेळी मी आणि बद्रीलाल असायचो, फार तर एखादी गाय.

एकदा मी भीत भीत विचारलं होतं. नोकरीला दोनतीन महिने झाले असतील. "साहेब, सगळ्याच रकान्यांत निरंक कसं लिहायचं? मुंडेर गावच्या शाळेचा पंप तर पाऊस संपल्यापासून बंद आहे."

त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढायचे तेव्हा व्याख्यान असायचं.

"चिटणीसबाई, बसा. आकडा लिहिला की पत्र येतं. पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं की ते मागतात फोटो. फोटो पाठवला की येते टीम. टीम आली की तिला जेवू घालावं लागतं, आणि जेवल्यावर ती विचारते, बाकीच्या शाळा कुठं आहेत, चला बघू. आता निरंक लिहिलं की काय येतं?"

"काय?"

"काही नाही. शांतता." चष्मा परत डोळ्यांवर गेला. "मुलांस शिकायला शांतता लागते."

त्या वर्षी पंप दुरुस्तीची गाडी आली. शेजारच्या ब्लॉकमध्ये आठवडाभर फिरली, आमच्या वेशीपर्यंत आली आणि वळली. मुंडेरचे हेडमास्तर सायकलवरून तिच्यामागे धावत गेले. मिस्त्रीनं गाडी थांबवली, यादी काढून दाखवली. "माटसाब, आपके यहाँ तो सब चालू है." मास्तर यादीकडे बघतच राहिले. पुढं उन्हाळाभर त्या शाळेची पोरं पाण्याच्या बाटल्या घरून आणायची, आणि मास्तर बसमध्ये माझ्याशी बोलेनासे झाले. बरोबरच होतं त्यांचं.

साहेब शाळा तपासायला जात नसत असं नाही. जायचे, पण जीपमधून उतरत नसत. फाटकाशी जीप थांबायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, हेडमास्तर निरीक्षणाचं रजिस्टर घेऊन धावत यायचे, साहेब ते बोनेटवर ठेवायला लावायचे आणि खिडकीतून हात लांब करून सही करायचे. शेरा ठरलेला: ‘शाळा सुव्यवस्थित आढळली.’ एका सकाळी अशा पाच शाळा व्हायच्या. आम्ही आपसात त्याला बोनेट तपासणी म्हणायचो.

एका शाळेत फाटकाशी जीप थांबली तर मास्तर गैरहजर, आणि पोरंच धावत बाहेर आली. सगळी रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांनी आकाशाकडे तोंडं वासली. त्या गावात तोवर एकच जीप यायची, पोलिओच्या थेंबांची. साहेब खिडकीतून बघताहेत, वीस-पंचवीस उघडी तोंडं साहेबांकडे बघताहेत, कुणीच हलेना. शेवटी साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "शिस्त उत्तम आहे. चला."

आता सोलंकी मॅडम.

सगळ्या ब्लॉकमध्ये साहेबांना भीत नसलेली ही एकच बाई. काळीसिंध नदीच्या काठच्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, दोन खोल्या, आणि शिकवायला एकट्या सोलंकी मॅडम. पाचही वर्ग एकीनंच सांभाळायचे, जेवणही बघायचं, दाखलेही लिहायचे, आणि मतदार याद्यांचं काम आलं की शाळेला कुलूप लावून दारोदार फिरायचं. दर महिन्याला त्या कचेरीत यायच्या आणि एक अर्ज द्यायच्या: दुसरा शिक्षक द्या. साहेब तो घ्यायचे, वर तारीख घालायचे, माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "नस्तीबद्ध करा." म्हणजे फाइलीत लावून टाका. माझ्या कपाटात मॅडमच्या अर्जांची एक स्वतंत्र फाइल झाली होती, चांगली जाडजूड. एका सणाला सुट्टी आली म्हणून एक अर्ज चुकला तर मॅडमनी पुढच्या महिन्यात दोन दिले.

"मॅडम, कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"आता है. पर दीदी, अर्जी नहीं दूँगी तो मेरेको खुद को लगेगा कि सब ठीक है."

हे ऐकून मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्या दिवसापासून माझ्या डायरीच्या मागच्या पानांवर खरी यादी ठेवायला लागले. कुठं पंप नाही, कुठं छप्पर नाही, कुठं किती मास्तर कमी. पानं भराभर भरली. ती यादी कुणाला दाखवायची हिंमत मात्र झाली नाही. मूग गिळून टाइप करत राहिले.

एकदा मॅडमच्या शाळेपाशी आमची जीप बंद पडली. आम्ही फाटकाशी हॉर्न वाजवून सही वगैरे उरकली होती, निघायचं तर गाडी सुरूच होईना. ड्रायव्हर सामान आणायला कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला. ऊन असं की जीपमध्ये बसवेना. साहेब उतरले. मी त्या गावात त्यांना पहिल्यांदाच जमिनीवर उभं पाहिलं.

आत मॅडम एका खोलीत तीन वर्ग घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या खोलीत चौथी-पाचवीची पोरं आपापली. साहेब दारात उभे राहिले. पोरं उठून उभी राहिली. फळ्यावर कुणीतरी काढलेला बैल होता. साहेबांनी तो पुसला, खडू उचलला आणि विचारलं, "डेढ़ा आता है?"

दीडपटीचा पाढा. आता तो कुणी शिकवत नाही. पोरांना काय माहीत! साहेबांनी सुरू केला. एक डेढ़ा डेढ़, दो डेढ़ा तीन, तीन डेढ़ा साढ़े चार. मग थांबून विचारलं, "तेरे बापूजी की एक बैलगाड़ी में डेढ़ क्विंटल सोयाबीन आता है. सात फेरे मारे. कितना?" एक किडकिडीत मुलगी बोटं न मोजता म्हणाली, "साढ़े दस." साहेब असे काही हसले! त्यांचा चेहराच निराळा दिसायला लागला. कोट काढला, खिडकीला अडकवला, बाह्या वर केल्या. मग अडीचकी झाली, पावकी झाली, पोरं ओरडून ओरडून म्हणत होती. ड्रायव्हर परत येऊन जीप सुरू करून हॉर्न वाजवत होता तरी हा माणूस बाहेर येईना. मी दाराला टेकून बघत होते आणि मला खरंच भरून आलं. काय सुंदर शिकवत होते ते! एवढा हाडाचा मास्तर कुणी खुर्चीत नेऊन बसवला, आणि का?

निघताना सोलंकी मॅडम फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सर, आज पहली बार इस स्कूल में दो मास्टर थे."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. हाताला खडू लागलेला तसाच होता, पुसलाही नव्हता. मला वाटलं, झालं! उद्या तक्त्यात या शाळेचं नाव जाणार. दुसऱ्या दिवशी योगायोगानं तोच तक्ता आला: एकल शिक्षकी शाळांची संख्या. मी पेन सरसावून आत गेले.

"निरंक," साहेब म्हणाले.

"साहेब! काल आपण स्वतः..."

"काल आम्ही तिथं होतो ना?"

"हो."

"सोलंकीबाई होत्या?"

"होत्या."

"मग किती शिक्षक झाले?" आणि उशी नीट करून पुढची फाइल ओढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येऊन मी टाइप केलं, निरंक.

तर अशा या माणसाला एक मुलगी. ताई. तीही शिक्षिका, पण तिची नेमणूक कुठं, तर पार नर्मदेच्या उगमाकडच्या डोंगराळ जिल्ह्यात. इथून पोचायला दीड दिवस. नवरा देवासच्या कारखान्यात आणि पाच वर्षांची लेक आजीपाशी. ती आईला फोनवरच ओळखायची. साहेबांच्या घरी हा एकच विषय असायचा. मला कसं कळलं? साहेबांच्या पत्नी, त्यांना आम्ही काकीसाहेब म्हणायचो, एके दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं कचेरीत आल्या आणि माझ्यापाशी बसून डोळ्यांना पदर लावला.

"चिटणीसबाई, सगळ्या ब्लॉकात एक जागा रिकामी नाही का गं? यांना विचारावं तर म्हणतात, सगळ्या भरलेल्या आहेत. माझी नात आईचा फोटो उशाशी घेऊन झोपते."

मी काय सांगणार? कपाटातल्या डायरीत दोन पानं भरून रिकाम्या जागा होत्या. भोपाळच्या संगणकात मात्र एकही नव्हती. आणि आता बदल्या त्या संगणकावरूनच व्हायच्या. ज्या ब्लॉकात रिकामी जागा दिसेल तिथंच अर्ज करता येतो, नाहीतर नाही. ताईनं तीन वर्षं संगणक उघडला आणि तीन वर्षं बापाच्या ब्लॉकपुढं निरंक वाचलं.

चौथ्या वर्षी साहेबांची निवृत्ती जवळ आली तसा घरचा धीर सुटला. बदल्यांचं पोर्टल उघडायच्या आठवडाभर आधी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. बराच वेळ उशीवरच्या मोराचं एक निघालेलं सूत ओढत बसले.

"चिटणीसबाई, ती सोलंकीबाईंची नस्ती आणा बघू."

मी जाडजूड फाइल आणून टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदा उघडली. साहेबांनी एकेक अर्ज वाचला. खरंच वाचला.

"बाईंची मागणी रास्त दिसते," ते म्हणाले. "शाळेत दुसरं पद रिक्त आहे. आपल्या नजरेतून सुटलं कसं?"

गाव देवासच्या बसच्या रस्त्यापासून जवळ, ताईला अप-डाऊन करता येईल, हे मला न सांगताच कळलं.

"एक पद रिक्त दाखवा. या शाळेचं."

आता मात्र मला राहवेना. मी डायरी आणली, मागची पानं उघडून त्यांच्यापुढं धरली. "साहेब, एक दाखवून नका थांबू. एकच जागा असली तर ती कुणीही नेईल. लोक वर्षानुवर्षं टपून बसलेत. या सगळ्या दाखवा. सगळ्या खऱ्या आहेत. यातली एक तरी ताईंच्या वाट्याला येईलच. ब्लॉकला मास्तरही मिळतील."

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. ओठ हलत होते, बेरीज चालली असणार. ती त्यांना एका क्षणात आली असेल. मग मान वर करून भिंतीकडं बघितलं. भिंतीवर जिल्ह्यातल्या पहिल्या क्रमांकाची प्रशस्तिपत्रं ओळीनं लावलेली होती.

"एवढी पदं एकदम दाखवली तर भोपाळ विचारेल, एवढी वर्षं कुठं होती?"

"विचारू देत."

"तीन महिन्यांनी आमची निवृत्ती आहे, बाई."

"म्हणूनच म्हणते. तुमचं कोण काय वाकडं करणार? ताई घरी येतील, साहेब!"

त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली. मला वाटलं, आत्ता हो म्हणतील. देवाशपथ, मी मनातल्या मनात नवससुद्धा बोलले. मग त्यांनी डायरी मिटली आणि माझ्या हातात दिली.

"एक," ते म्हणाले.

पोर्टल उघडलं. साहेबांनी घरी मिठाई आणून ठेवली होती म्हणे. यादी लागली त्या सकाळी ते साडेदहाच्या आधीच आले, रूळ बडवायचं विसरले. ताईचं नाव नव्हतं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती.

तो चार दिवसांनी हजर व्हायला आला. तिशीतला पोरगा, खांद्यावर बॅग, सोबत म्हातारी आई. आई थेट साहेबांच्या पायांवर वाकली. तो म्हणाला, "सर, सात साल से घर से बाहर था. पूरे ब्लॉक में एक ही पद दिख रहा था, मैंने तो आँख मूँद के भर दिया. आपका उपकार है, सर." साहेबांनी हजेरीच्या कागदावर सही केली. सही करताना पेन दोनदा अडकलं. म्हातारीनं पिशवीतून लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला, तो त्यांना तिच्यासमोर खावा लागला.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बघितलंत? एकदा खरं लिहिलं, आणि काय झालं?" या माणसाला यातून हेच शिकायला मिळालं! मी म्हटलं, "साहेब, खरं कुठं लिहिलं? एकच लिहिलं." ते ऐकलं न ऐकलंसं करून फाइलीत घुसले.

निवृत्तीचा समारंभ कचेरीशेजारच्या मंगल कार्यालयात ठेवला होता. ताई येणार होती. दोन दिवसांची तर रजा हवी होती. आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला: रजा नामंजूर. साहेब भडकले. "आमच्या निवृत्तीस आमची कन्या येणार नाही?" तिकडच्या ब्लॉक शिक्षण अधिकाऱ्याला त्यांनी स्वतः फोन लावला. साहेबांना अलीकडे ऐकू कमी यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. मी आणि बद्रीलाल खोलीतच होतो.

पलीकडचा आवाज फार अदबीचा होता. "प्रणाम सर. आदेश कीजिए."

साहेबांनी सांगितलं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शाळेत दुसरा शिक्षक असेलच, तो सांभाळील.

"सर, दूसरा कहाँ है? मैडम अकेली हैं. वो गईं तो ताला लगाना पड़ेगा."

"अकेली?" साहेब खुर्चीत पुढं सरकले. "पाँच साल से वहाँ है. आपने ऊपर लिखा नहीं, स्कूल में एक ही शिक्षक है? पद माँगा नहीं? कैसे अधिकारी हैं आप!"

पलीकडून तोच अदबीचा आवाज, थोडा हसरा.

"सर, आप तो सीनियर हैं, समझते हैं. हमारे यहाँ एकल शिक्षकीय शाला निरंक है."

बद्रीलालनं हातातले कप आवाज न करता खाली ठेवले. साहेबांनी फोन बंद केला. त्यांना बटण सापडत नव्हतं, मी पुढं होऊन दाबलं.

समारंभाला सगळा ब्लॉक लोटला होता. काकीसाहेब पहिल्या रांगेत. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली होती आणि कुणी बसायला आलं की म्हणायच्या, "ही ताईची आहे." त्यांना सांगायचं धाडस साहेबांनी केलेलं नव्हतं. सोलंकी मॅडमही आल्या होत्या, नवी साडी नेसून. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी मी त्यांना समारंभात पहिल्यांदा बघत होते. मी विचारलं, "शाळा?"

"खुली है," त्या म्हणाल्या. "अब दो हैं ना, दीदी, तो आ पाई."

भाषणं झाली. जिल्ह्याच्या साहेबांनी सांगितलं की यांच्या कारकिर्दीत ब्लॉकात एकही एकल शिक्षकी शाळा राहिली नाही. टाळ्या. एकही पंप बंद नाही. टाळ्या. मुंडेरचे हेडमास्तरही वाजवत होते. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं आणि साहेबांना बोलायला उभं केलं. त्यांच्या हातात माझ्याकडून टाइप करून घेतलेलं भाषण होतं. तीन पानं, पणजोबांपासून सुरू होणारं. त्यांनी ते उघडलं, बघितलं आणि घडी करून खिशात घातलं. मग पहिल्या रांगेतल्या त्या पर्सकडे बघत, मराठीतच, म्हणाले,

"आमची मुलगी यायची होती. ती येणार नाही. तिच्या शाळेत ती एकटीच आहे."

एवढंच बोलून ते खाली बसले. सभागृहात निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण निम्म्यांना येत होतं. काकीसाहेबांनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. सोलंकी मॅडमचे हात मांडीवरच राहिले. बाकी सगळ्यांनी, साहेबांचं भाषण संपलं म्हणून, टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.